दाराआडचं स्वगत

"तुझ्या बापाच्या घराची एक किल्ली स्वतःकडे ठेव," राणीबाई मला म्हणाल्या होत्या. "आणि ती आतली कडी काढून टाक. नाहीतर एक दिवस तो आतून बोलत राहील आणि तू बाहेर ऐकत राहशील."

मी हसण्यावारी नेलं. राणीबाई म्हणजे बाबांच्या नाटकातली राणी. इतकी वर्षं त्यांनी ती भूमिका केली की त्यांचं खरं नाव आमच्या घरात कुणी घेतच नाही. त्या दिवशी त्या माझ्या मुलीला, टिमकीला, बघायला आल्या होत्या. मला वाटलं, बाईंची ही जुनी सवयच आहे. नाटकातही तिसऱ्या अंकात त्या राजाला असंच काहीबाही बजावून जायच्या आणि राजा ऐकायचा नाही. "बाई, तुम्ही अजून भूमिकेतून बाहेरच आला नाहीत," असं म्हणून मी त्यांच्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं.

ते नाटक आधी सांगायला हवं. जुनी, मोठी शोकांतिका. शहराला वेढा पडलेला आहे. म्हाताऱ्या राजाने शपथ घेतली आहे की उजाडेपर्यंत वेशीचं दार उघडायचं नाही, कुणासाठीही नाही. शत्रूकडे आवाजाच्या नकला करणारी माणसं आहेत. आणि रागावून घर सोडून गेलेली त्याची लेक नेमकी त्याच रात्री परत येते, दार ठोठावते. राजा उघडत नाही. सकाळी उघडतो तेव्हा उशीर झालेला असतो. गोष्ट एवढीच. पण चौथ्या अंकात दाराच्या आतल्या बाजूला उभं राहून राजा जे स्वगत म्हणतो, त्यावर नटांच्या पिढ्या जगल्या आणि प्राध्यापकांच्या पोसल्या गेल्या.

"कोण आहे? वारा असशील, तर पुढे जा. या शहरात उडवण्यासारखं काही उरलेलं नाही. शत्रू असशील, तर बैस. उजाडलं की मीच तुला भेटायला येईन. आणि माझी लेक असशील..."

इथे राजा थांबतो. बाहेरून तीन ठोके पडतात. मग तो म्हणतो:

"...तर ठोठावू नकोस. लेकीने ठोठावायचं नसतं. लेकीने नुसतं यायचं असतं."

रंगमंचावर लेक कधीच दिसत नाही. विंगेत कुणीतरी फळीवर लाकडी ठोकळा आपटतं, तीच लेक. ठोके कधी पडणार हे राजाचं काम करणाऱ्याला नक्की ठाऊक नसायचं, हा त्या कंपनीचा शिरस्ता. ठोके देणारा मुद्दाम कधी लवकर द्यायचा, कधी रेंगाळायचा. "ठोका पडेपर्यंत मी श्वास घेत नसे," असं बाबा आजही सांगतात. अंगावर काटा यावा म्हणून सांगतात, आणि येतोही.

तर हे बाबा आमच्यासमोरच्या घरात राहतात. मधे जिना, दोन दारं समोरासमोर. आई गेल्यावर त्यांना एकटं ठेवायचं नाही म्हणून आम्ही खटपट करून इथे आलो, आणि ते एकटेच राहिले. दारावरच्या घंटीतला सेल त्यांनी काढून टाकला. ठोठावायचं. ठोठावलं की आतून "कोण आहे?" सुरू. सगळं स्वगत बाहेर उभं राहून ऐकायचं, बरोब्बर जागी तीन ठोके द्यायचे, शेवटचं वाक्य संपलं की मग कडी निघायची.

"बाबा, हातात गरम भांडं आहे!"

"मग वाऱ्याचं वाक्य गाळू?"

"सगळंच गाळा!"

"आणि प्रेक्षकांना काय तोंड दाखवू?"

प्रेक्षक म्हणजे मी, कडेवर टिमकी, आणि कधीमधी जिना उतरणारं एखादं कुत्रं. टिमकीला मात्र हा खेळ भलताच आवडायचा. तिला चालता येण्याआधी ठोके देता यायला लागले. 'माझी लेक असशील' ऐकू आलं की ती हात उंच करायची आणि दारावर थाप मारायची. आतले बाबा तिची थाप पडेपर्यंत थांबायचे, कितीही वेळ. एकदा तिला मध्येच शिंक आली, तरी थांबले.

मी काळजी करणारी बाई आहे, हे लपवत नाही. टिमकी झोपली की नाकाशी बोट धरून बघते. टेबलाच्या कोपऱ्यांना मी स्पंज चिकटवलाय, विजेच्या सगळ्या भोकांना बुचं लावलीत. नवरा म्हणतो, "तू आई आहेस की सुरक्षा अधिकारी?" म्हणू दे. पण त्याच जिन्याच्या पलीकडे सत्तरी ओलांडलेला, एका कानाने कमी ऐकणारा, मोजे घालताना बगळ्यासारखा एका पायावर उभा राहणारा माणूस आतून कडी लावून बसतो, त्यावर माझी मात्रा चालत नव्हती. किल्ली मागितली की म्हणायचे, "किल्ली दिली तर तू ठोठावशील कशाला?" पालथ्या घड्यावर पाणी.

त्या महिन्यात मी एका महाविद्यालयासाठी घरून व्याख्यानं ध्वनिमुद्रित करत होते. पत्राने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. विषय हीच शोकांतिका: भाषणं, रंगमंचावरची मांडणी आणि तिच्यावर निघालेले तीन चित्रपट. पहिला कृष्णधवल. त्याच्या दिग्दर्शकाने कॅमेरा थेट दाराबाहेर नेला आणि लेक दाखवून टाकली; तिचे ओले केस, फुटलेली नखं. ती दिसली की संपलं, मग राजाचा नुसता राग येतो. तिसरा अगदी अलीकडचा. त्यात वेस म्हणजे एका इमारतीचं लोखंडी दार, राजा म्हणजे इमारतीचा अध्यक्ष, आणि लेक दिसते पहारेकऱ्याच्या छोट्या पडद्यावर. हुशार काम, पण गार.

आणि मधला बाबांचा.

त्यात दार नाही, ठोके नाहीत, पार्श्वसंगीतसुद्धा नाही. पडदाभर नुसता बाबांचा चेहरा, आणि स्वगत. पण दिग्दर्शकाने थांबण्याची जागाच काढून टाकली. त्याचं म्हणणं, पडद्यावर नट थांबला की लोकांना वाटतं फिल्म अडकली. त्यामुळे तिथे 'माझी लेक असशील तर ठोठावू नकोस' हे एका दमात येतं. जाणकारांनी डोक्यावर घेतलं. बाबा पहिल्याच खेळातून अर्ध्यात उठून आले आणि पुन्हा त्यांनी तो बघितला नाही. "माझा श्वास कापलाय त्यांनी," एवढंच म्हणायचे.

व्याख्यानात बाबांचे चार शब्द घालावेत म्हणून मी स्वगताचा तेवढाच तुकडा कापून टॅबलेटवर घेतला आणि त्यांच्याकडे गेले. तुकडा लहान, म्हणून संपला की आपोआप पुन्हा सुरू होईल असं करून ठेवलं, म्हणजे त्यांना बटणं शोधायला नकोत. केवढी ती सोय!

"मी ते तोंड बघणार नाही," बाबा म्हणाले.

"तुमचंच आहे."

"म्हणूनच."

मग आमचं नेहमीचं भांडण निघालं. बाहेर आपली लेक आहे हे राजाला कळलेलं असतं की नसतं? बाबांचं म्हणणं, कळलेलं असतं. पहिल्या ठोक्यालाच कळलेलं असतं, आणि तरी तो उघडत नाही.

"कळलं असेल तर ती शोकांतिका नाही, बाबा. तो खून आहे."

"हे तुला कुणी शिकवलं गं?"

"ज्यांच्याकडे तुम्ही शिकायला पाठवलंत त्यांनी."

"चूक झाली माझी."

मी चिडले होते. रात्रभर टिमकीच्या दातांनी जागवलं होतं. म्हटलं, "चित्रपटात तुम्ही थांबत नाही ना, ते मला जास्त पटतं. राजा ऐकतच नाही. ऐकत नाही म्हणून कळत नाही. सरळ हिशेब आहे."

बाबांनी टॅबलेट माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "म्हणजे तुला तो बरा वाटतो."

"बरा-वाईट असं नाही हो..."

"घेऊन जा ते यंत्र."

"बघायचं तर बघा, नाहीतर वर चहाचा कप ठेवा!" असं म्हणून मी टॅबलेट टेबलावर आपटला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी टिमकीला कणकण होती. नवरा कामावर गेला. तिला खेळवत, तिच्या कपाळाला हात लावत, मधल्या वेळात मी व्याख्यानाचा एकच परिच्छेद तीनदा बोलले आणि तीनदा पुसला. जेवणवेळ झाली तशी बाबांचा डबा घेतला, टिमकीला कडेवर घेतलं आणि ठोठावलं.

आत स्वगत आधीच सुरू होतं.

"...उजाडलं की मीच तुला भेटायला येईन. आणि माझी लेक असशील तर ठोठावू नकोस. लेकीने ठोठावायचं नसतं..."

टिमकीने हात वर केला होता. थाप मारायची जागाच गेली. हात तसाच हवेत राहिला आणि ती माझ्याकडे बघायला लागली.

मी पुन्हा ठोठावलं. आत क्षणभर शांत. मग पुन्हा पहिल्यापासून, "कोण आहे? वारा असशील..." आणि पुन्हा त्या जागी न थांबता सरळ पुढे. टिमकीची थाप वाक्यावरच पडली. तिचा ओठ थरथरायला लागला.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पडला म्हणजे काय, चुकीचाच पडला. कालचा सूड! तुला तो चित्रपटातला बरा वाटतो ना, मग घे. त्या स्वगतासाठी बाबा नेहमीच आपला तरुणपणचा, रंगमंचावरचा आवाज काढतात, त्यामुळे आवाजात मला वावगं काही वाटलं नाही. आणि वर आतून बारीक टक, टक, टक असं काहीतरी यायला लागलं, भलत्याच जागी. म्हणजे आता ठोकेही हेच देणार! राजाही हेच, लेकही हेच, आमची गरजच नाही. माझ्याशी काय ते भांडा, लेकराची गंमत तरी राखायची!

"बाबा, पुरे झालं!"

"कोण आहे?" आतून आलं.

"तुमची लेक आहे! आणि डबा दाराशी ठेवतेय! भूक लागली की राजेसाहेबांनी उचलून घ्यावा!"

टिमकी रडायला लागली. मी आमचं दार असं आपटलं की टेबलाच्या एका कोपऱ्याचा स्पंज निखळला.

त्या रागात व्याख्यान मात्र झकास झालं. ठोक्यांविषयी बोलले. रंगमंचावर न दिसणारी लेक चित्रपटात दाखवली की काय बिघडतं, ऐकणं म्हणजे काय, असं सगळं. एका दमात, कुठेही न अडखळता. नंतर टिमकीला भरवलं, झोपवलं, नाकाशी बोट धरलं. श्वास नीट होता.

कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला दार उघडलं तर डबा तिथेच. आणि समोरच्या दाराआडून, "कोण आहे? वारा असशील, तर पुढे जा..."

खरं सांगते, तेव्हाही मला आधी वैतागच आला. नवऱ्याला फोन लावला. "अजून चालूच आहे रे त्यांचं."

"सासरेबुवा आहेत ते. उद्यापर्यंतसुद्धा म्हणतील. हट्ट कुणाचा, रक्त कुणाचं?"

मी फोन कानाला लावून तशीच ऐकत उभी होते. 'उडवण्यासारखं' या शब्दानंतर आवाजात एक बारीकशी अडखळ येते, घशात काही अडकल्यासारखी. ती मला पाठ होती. काल तो तुकडा कापताना मी ती पुन्हा पुन्हा ऐकली होती. काढावी की ठेवावी ठरत नव्हतं. ती आली. स्वगत संपलं, पुन्हा सुरू झालं. अडखळ पुन्हा आली. तिथेच. तेवढीच.

कुठला माणूस इतका वेळ बोलून दमत नाही? आणि ती टकटक तर आता थांबली होती.

मी दोन्ही हातांनी दार बडवलं. "बाबा! बाबा!" आत राजा शांतपणे मला वारा असशील तर पुढे जा म्हणत होता. आमचं दार उघडं टाकून मी जिना उतरले. खाली सुताराचं दुकान आहे, त्याला हाताला धरून वर आणलं. त्याने दाराला कान लावला.

"ताई, आत बोलतायत की ते. त्यांनाच सांगा ना उघडायला."

"ते नाहीयेत ते!"

"मग कोण आहे?"

"अहो, फोडा दार!"

"चांगलं सागवानी दार आहे. मालक नंतर मलाच..."

"फोडा म्हणते ना!"

आमच्या घरात टिमकी उठून रडायला लागली होती. एक पाय इकडे, एक पाय तिकडे, अशी मी जिन्याच्या मधोमध उभी. सुताराने पटाशी घातली, खांदा लावला. कडी चौकटीसकट निघाली.

बाबा टेबल आणि दार यांच्यामध्ये जमिनीवर पडले होते. कुशीवर, एक पाय विचित्र वळलेला. हातात स्टीलचा पेला. तोच ते फरशीवर आपटत होते. टेबलावर, त्यांच्या हाताला न येणाऱ्या उंचीवर, टॅबलेट पूर्ण आवाजात चालू. एका कानाने कमी ऐकतात ना.

ते बघत होते तर. माझ्या मागे, कुणाला न सांगता, ते तोंड बघत होते. आणि, हे त्यांनी नंतर सांगितलं, डब्याची वेळ झाली म्हणून कडी काढून ठेवायला उठले होते.

डोळे उघडे होते. ओठ कोरडे पडलेले. मी गुडघ्यावर बसले तर म्हणाले, "ते आधी बंद कर."

मी बंद केलं. त्या खोलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"मी ओरडत होतो गं," बाबा म्हणाले. "तू आलीस, मला कळलं. पोरीने थाप मारली तीही कळली. पण तो मला बोलूच देईना."

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, पाणीही न पिता आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. किती उशीर, ते मी विचारलं नाही. दवाखान्यात बाबांनी परिचारिकांच्या नाकी नऊ आणले. भूल उतरताना कुणीतरी "आजोबा, नाव काय तुमचं?" म्हटलं, तर यांनी राजाची सगळी बिरुदं सांगितली, आणि त्या बिचारीने ती नावाच्या रकान्यात बसवायचा प्रयत्न केला.

मी खाटेशेजारी बसून ते व्याख्यान पुन्हा ऐकलं. किती छान बोलले होते! राजाला कळलं होतं की नव्हतं, दोन्ही बाजू कशा नेटक्या मांडल्या होत्या. तिन्ही चित्रपटांतले राजे आठवले. पहिला क्रूर, दुसरा उदात्त, तिसरा गोंधळलेला. यातला एकही वैतागलेला नव्हता. पुस्तकांतही कुठे नाही. दिवसभराच्या कामाने पाठ दुखतेय, कुणी काही ऐकत नाही, आणि त्यात बाहेर ही कटकट. त्या एका कटकटीने भागतं सगळं. कळण्या-न-कळण्यापर्यंत गोष्ट जातच नाही.

"बाबा, राजा वैतागलेला असेल का हो त्या वेळी?"

त्यांनी डोळे मिटूनच विचार केला. "चार अंक उभा असतो तो. पाय दुखतातच." मग थोड्या वेळाने, "तसं एकदा करून बघायला हवं होतं."

इथे गोष्ट संपायला हवी होती. माझं नशीब कुठलं! बाबा काठी टेकत घरी आले आणि पंधरवड्याच्या आत दाराला नवी कडी बसली. तोच सुतार. मी त्याला जिन्यातच गाठलं. "काय करू ताई," म्हणाला, "काका म्हणाले, राजाला कडी नको का?" आता किल्ली माझ्याकडे आहे, पर्समध्ये खुळखुळते. कडीपुढे तिचा काडीचा उपयोग नाही. मी बोलले, रडले, अबोला धरला. नवऱ्याने समजावलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. "तू किल्लीने येशील आणि कामं उरकून जाशील," बाबा म्हणतात. "ठोठावतेस तेव्हा तुला थांबावं लागतं."

राणीबाईंना फोन केला. म्हटलं, "बाई, तुम्ही बरोबर होतात. मी किल्ली घ्यायला हवी होती."

"कसली किल्ली?" त्यांना आठवतच नव्हतं. सगळं सांगितलं तेव्हा हसल्या. "अगं, माझ्याच घराची कुणाकडे नाही."

म्हणजे आता मला दोन दारं.

तर सध्या आमचं असं ठरलं आहे. मी ठोठावते. बाबा सुरू करतात. त्या जागी मी मुद्दाम थांबते, कधी टिमकीला थाप मारू देते, कधी भलत्याच वाक्याला ठोका देते. त्यांनी अडखळायचं. चिडायचं. "अजून वेळ झालेली नाही, मूर्ख मुली!" असं ओरडायचं. ते ओरडले की माझा श्वास सुटतो. हातातलं भांडं गार झालेलं असतं.

तुमचंही असं कुणीतरी असेल. दाराआडून थट्टा करणारं, फोनवर दर वेळी तेच ते बोलणारं, ज्याचं सगळं तुम्हाला पाठ आहे आणि म्हणून ज्याचा तुम्हाला कंटाळा आलाय. मूल रडतंय, काम पडलंय, मला माहीत आहे. तरी हे वाचून झालं की जा. आतून आवाज आला म्हणून परत फिरू नका. त्याच्या बोलण्यात मध्येच ठोठावा, भलत्याच जागी. आणि तो आवाज तुमच्यासाठी थांबतो का, तेवढं बघून या.